काळी चारची मुलं

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला, की नाशिक रोडच्या त्या हायस्कूलचा वरचा मजला गोरक्ष सरांच्या ताब्यात यायचा. किल्ल्यांचा जुडगा देताना शिपाई दरवर्षी एवढंच म्हणायचा, "पंखे तेवढे जपा, सर." मग बाकं एकावर एक चढून भिंतीला लागत. सतरंज्या पसरल्या जात. गवसण्या उतरवून तंबोरे कोपऱ्यात उभे राहत. जिन्यात वर्षभर साचलेला खडूचा वास दोन-तीन दिवसांत मागे हटे आणि त्याच्या जागी हळद घातलेल्या दुधाचा, उदबत्तीचा, मुलांच्या ओल्या टॉवेलांचा वास येई. हा दुसरा वास आला की सरांच्या छातीत काहीतरी सैल होई. बाकीचं वर्ष ते शाळेतले संगीतशिक्षक होते. प्रार्थना, स्नेहसंमेलन, पंधरा ऑगस्ट, पाहुण्यांसाठी स्वागतगीत. मे महिन्यापुरते ते गवई होते. म्हणजे, गवयाच्या जवळपासचं काहीतरी.

शिबिर तीन आठवड्यांचं, निवासी. पिंपळगावहून, लासलगावहून, सिन्नरहून मुलं यायची, शहरातली यायची, पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांतूनही एखाद-दुसरं यायचं. सगळी सहावी ते दहावीच्या वयाची. पहाटे उठायचं, तोंड धुऊन ओळीनं बसायचं आणि नुसता सा लावायचा. शब्द नाही, राग नाही, बराच वेळ एकच स्वर. पलीकडे स्टेशनात मालगाड्या उभ्या असत. मधूनच एखादी लांबलचक भोंगा द्यायची. भोंगा कुठल्याच सुरात नसे, पण तो कानात शिरला की कच्चं पोर त्याच्यामागे वाहत जाई. भोंगा थांबल्यावरही जो आपल्या सा वर उभा असे त्याच्याकडे बघून सर मान हलवत. तेवढ्यासाठी मुलं पुन्हा पुढच्या वर्षी येत.

हा सा काळी चारचा. पेटीवरची चौथी काळी पट्टी. तिथून सगळं शिबिर गायचं. मुलींच्या आणि लहान मुलांच्या गळ्याला सोसणारा उंच, स्वच्छ स्वर. सरांच्या गुरूंच्या, पुंजारामबुवांच्या वर्गात काळी चार होती, म्हणून सरांच्या शिबिरातही काळी चार. मुलींना अडचण नव्हती. मुलांचं ठरलेलं होतं. जोवर गळा तिथं पोचतो तोवर गायचं, आणि एक दिवस तो फुटला, घोगरा झाला, की उठून पेटीवर बसायचं. ज्याचा हात बरा त्यानं तबल्यावर. खिडकीकडच्या भिंतीशी पेट्या मांडलेल्या असत आणि त्यांच्यामागे नुकती मिसरूड फुटलेली मुलं मुकाट भाता ओढत बसलेली असत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सर स्वतः तसेच बसले होते.

पिंपळगावच्या पुढं, हायवेपासून आत, घरच्या, बोरस्त्यांच्या मळ्यात त्यांचं लहानपण गेलं होतं. द्राक्षं नंतर आली. तेव्हा कांदा आणि ऊस. गावच्या सप्ताहात लहानग्या गोरक्षला स्टुलावर उभं करत, कारण माइक तेवढा खाली येत नसे. तो आवाज सरांना अजून आठवे, पण आपला म्हणून नव्हे. लहानपणीच देवाघरी गेलेल्या भावाची आठवण यावी तसा आठवे. त्या आवाजासाठी काही करावं लागत नसे. तोंड उघडलं की तो आपणहून बाहेर पडे, मंदिराच्या पत्र्याला लागून परत येई, आणि पुढं बसलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत. कशासाठी लावतात ते गोरक्षला कळत नसे. त्याला फक्त एवढं कळे की आपण थांबलो की सगळे जरा उशिरानं हलतात.

त्या आवाजाच्या जोरावर वडिलांनी त्याला उन्हाळ्यात पंचवटीत पुंजारामबुवांकडे ठेवलं. बुवा चाळीत दोन खोल्यांत राहत आणि उन्हाळ्यापुरती गावोगावची पोरं गच्चीवर झोपवत. पहाटे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अंघोळ, ओल्या पंच्यानं वर यायचं, थंडीनं दात वाजत असतानाच सा. तो पहिला सा बुवा स्वतः लावत नसत. गोरक्षकडे बोट करत. त्यानं लावला की बाकीची पोरं त्याला येऊन मिळत. सगळ्या वर्गाला ज्या दारातून आत जायचंय ते दार आपण उघडतो, असं काहीतरी त्याला तेव्हा वाटायचं, आणि त्या वाटण्यात किती सुख होतं ते पुढं कुठल्याच गोष्टीत सापडलं नाही. नोकरी लागली तेव्हा नाही, घर झालं तेव्हाही नाही.

मग एका उन्हाळ्यात बुवांनी बोट केलं आणि गळ्यातून जे निघालं त्याला स्वर म्हणता आलं नसतं. पोरं हसली. बुवा हसले नाहीत. त्यांनी जवळ बोलावलं, गळ्याच्या घाटीवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "आता कुलूप. फुटक्या गळ्यानं गायलास तर कायमचा जाईल. पेटीवर बस."

जुन्या लोकांची समजूतच तशी होती, आणि बुवांनी सांगितलं ते मायेनंच. गोरक्ष बसला. बोटं चांगली निघाली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बुवांना साथीला पेटीवाला हवाच होता. मग बुवा गेले. कुलूप कधी काढायचं ते सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं, आणि विचारायचं गोरक्षकडून.

त्यानंतर सर गायले नाहीत. गाणं शिकवलं ते पेटीतून. आलाप, ताना, सगळं बोटांनी दाखवायचं आणि मुलांनी गळ्यात उचलायचं. नवं कुणी विचारलंच तर "गळा नाजूक आहे" म्हणून ते पुढं जात. घरी आरतीला टाळ घेत. त्यांच्या पत्नी मैनाबाई पाहुण्यांसमोर सांगत, "गवयाशी लग्न ठरलं म्हणून मैत्रिणी जळत होत्या माझ्यावर. यांनी उखाणासुद्धा वाचून दाखवला."

लखन भोये शिबिरात पहिल्यांदा आला तो मागच्या वर्षी. पेठच्या पुढं डोंगरात गाव, आश्रमशाळेत सातवीला. आईबाप द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडे मळ्यांवर कामाला यायचे आणि पावसाळ्याआधी भातासाठी परत जायचे. पोर बुटकं, काटक, सगळ्यांच्या मागे बसणारं. पहिल्या पहाटे सरांनी रिवाजाप्रमाणे एकेकाचा सा तपासला. लखनची पाळी आली. त्यानं तोंड उघडलं, आणि सरांचा भात्यावरचा हात थांबला.

तो आवाज परत आला होता. मधल्या काळात मळ्यातली विहीर बुजली, हायवे रुंद झाला, बुवांची चाळ पाडून तिथं लॉज आलं. आणि तो मात्र जसाच्या तसा एका अनोळखी पोराच्या गळ्यातून बाहेर पडत होता. वरच्या गंधारावर लखन असा जाऊन उभा राहायचा, जसं एखादं पोर खाली न बघता झाडाच्या शेंड्याला जाऊन बसतं. समारोपाला तो एकटा गायला. साथीला सर होते. आपण काय वाजवलं ते त्यांना नंतर आठवलं नाही.

म्हणून यंदा ते वर्षभर वाट पाहत होते. समारोपाची भूपातली बंदिश त्यांनी लखनच्या गळ्याच्या मापानं बांधली. शेवटचा अंतरा त्यानं एकट्यानं, वरच्या सा वरून उचलायचा. होळी झाल्यापासून ते घरी तेवढीच जागा पेटीवर पुन्हा पुन्हा वाजवून बघत. "पोर येईपर्यंत पट्टी झिजेल ती," मैनाबाई म्हणाल्या.

लखन आला तो वीतभर वाढून. मनगटं बाहीबाहेर आली होती, ओठांवर काजळीचं बोट फिरवल्यासारखी रेघ होती. सरांना ती दिसली. त्यांनी ती बघितली नाही.

पहिले काही दिवस आवाज जड लागला. उन्हातून आलाय, सर म्हणाले. मग एका पहाटे वर जाताना तो मधोमध चिरला. एक तुकडा वर गेला, एक खाली पडला. मुली हसल्या, पेट्यांमागची मुलं जरा जास्तच हसली, लखनही हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गोळा खाल्लास?"

शाळेच्या फाटकासमोर बर्फाच्या गोळ्याची गाडी लागत असे. लखननं आदल्या संध्याकाळी खरंच काला खट्टा खाल्ला होता, आणि तेवढी कबुली सरांना पुरली. त्यांनी गाडीवाल्याला फाटकापासून लांब घालवलं. माठाचं पाणी बंद करून कोमट पाणी सुरू केलं. स्वयंपाकाच्या सिंधुबाईंना ज्येष्ठमधाचा काढा करायला सांगितला. दही बंद, लोणचं बंद, झोपताना वाफारा, आणि बोलणंसुद्धा बंद. मे महिन्याच्या उन्हात पोराच्या गळ्याभोवती मफलर आला. लासलगावचा शेखर, जो मागच्याच वर्षी पेटीवर गेला होता, येता-जाता विचारायचा, "काय पेशंट, आज किती चमचे?" लखनला बोलायची मनाई, म्हणून तो नुसती बोटं वर करायचा.

काही दिवसांनी सरांनी मफलर सोडून सा लावायला सांगितला. आवाज आणखी खाली गेला होता. सरांनी काढा वाढवला.

हे सर्दीचं नाही हे सगळ्या शिबिराला कळलं होतं. सिंधुबाईंना, शेखरला, सर्वांत लहान मुलींनासुद्धा. सांगणार कोण? शेवटी सांगितलं वेदिकानं. ती सरांचीच जुनी विद्यार्थिनी, पुण्याला गाणं शिकून आलेली. गंगापूर रोडला स्वतःचा वर्ग घ्यायची आणि मेमध्ये हक्कानं शिबिरात येऊन राहायची. सरांशी भांडायची मुभा तिला लहानपणापासून होती. दुपारी मुलं आडवी झालेली असताना तंबोऱ्याच्या तारा पुसता पुसता ती म्हणाली,

"सर, ही सर्दी नाही."

"उष्णता आहे."

"उष्णता पण नाही. चौदावं लागलंय त्याला."

ती सांगत राहिली. गळा फुटला म्हणून गाणं बंद करायचं नसतं, फक्त जोर करायचा नसतो. स्वर खाली घ्यायचा. काळी एक घ्या, पांढरी एक घ्या. चारच स्वर जमत असतील तर चारच गायचे, पण गात राहायचं. आता असंच करतात सगळीकडे.

"शिबिर काळी चारमध्ये चालतं," सर म्हणाले.

"शिबिर चालतं, सर. त्याचं काय?"

सर त्या दिवशी तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी मफलर घडी करून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी लखनला बोलावलं आणि जे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या मुलांना सहज सांगितलं होतं ते सांगितलं. आजपासून पेटीवर बस. त्यांचा हात पोराच्या गळ्याकडे निघाला होता; वाटेतच त्यांनी तो वळवून डोक्यावर ठेवला. समारोपाचा अंतरा सिन्नरच्या पल्लवीला गेला. तिनं तो एका सकाळीत बसवला, अगदी निर्दोष, आणि सरांनी तिला शाबासकी दिली.

लखन बसला. हट्ट करणाऱ्यांतला तो नव्हता. सरांनी स्वतः त्याची बोटं पट्ट्यांवर ठेवली, भात्याचा हात कसा सैल ठेवायचा ते दाखवलं. बोटं चांगली होती. हे बघून बरं वाटायला हवं होतं. पाठ संपला तेव्हा लखननं खाली बघतच विचारलं,

"सर, पेटीवरून परत कधी उठायचं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सरांना वाटलं, काहीतरी सांगता येईल. वर्षानं. दीड वर्षानं. गळा बसला की. शब्द तोंडात जमले होते, पण पेटीवरून उठलेला एकही माणूस त्यांना आयुष्यात दाखवता आला नसता. शेजारच्या पेट्यांचे भाते थांबले होते. शेखर आणि दुसरी मुलं मान न वळवता ऐकत होती.

"बघू," सर म्हणाले.

जेवणं झाल्यावर सिंधुबाई वर आल्या. "मास्तर, ते भोयेचं पोर घरी चाललंय म्हणतं. पिशवी भरली त्यानं."

लखन जिन्यात बसला होता. त्यानं भांडण केलं नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. बाप अजून पिंपळगावलाच आहे, म्हणाला, तिथून टेम्पो मिळतो. घरी भाताच्या राबाचं काम पडलंय. पेटी आपल्या घरी नाही, शाळेतही नाही. मग ती शिकून करायचं काय? गाणं होतं ते जाऊ तिथं बरोबर यायचं. एवढं सांगताना त्याचा आवाज दोन ठिकाणी चिरला आणि दोन्ही वेळा त्यानं तो आवंढ्यासारखा गिळला.

सर त्याच्याशेजारी पायरीवर बसले. खाली फाटकाबाहेर ऊन नुसतं उभं होतं. पोर उतरून जाईल, फाटक वाजेल, पोर परक्यासारखं रस्ता ओलांडेल, आणि मग वर्षं जातील. लग्नात, सणात, शेतात दुसरे गात असताना एक माणूस कडेला उभा राहून टाळ्या वाजवत राहील, आणि त्याला पूर्वी कधी गाता येत होतं हे हळूहळू त्यालाच खोटं वाटायला लागेल. लखन आज उतरला तर पुन्हा गाणार नाही, हे सरांना जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं.

"पिशवी राहू दे इथं," ते म्हणाले. "जरा वर ये."

मोठ्या वर्गात कुणी नव्हतं. तंबोरे सगळे काळी चारला लावलेले. लखनसाठी काळी एकपर्यंत खाली उतरवले असते तर तारा सैल पडून नुसत्या फडफडल्या असत्या. मोबाइलमधल्या तंबोऱ्याला शिबिरात बंदी होती, आणि बंदी सरांचीच होती. त्यांनी वेदिकाला हाक मारली आणि तिचं ते यंत्र काळी एकला लावून मागितलं. वेदिकानं मोबाइल त्यांच्यापुढं ठेवला आणि जाताना दार ओढून घेतलं.

सरांनी पेटीवर खालचा सा दिला. लखननं धरला, घोगरा, पण धरला. सरांनी रे दिला. लखन तिकडं निघाला आणि मध्येच कुठंतरी पडला. पुन्हा निघाला, पुन्हा पडला. बऱ्याच वेळानं सरांच्या ध्यानात आलं की चूक पोराची नाही. पेटी म्हणजे जिना. एक पायरी, मग एकदम दुसरी. मध्ये काही नाही. ज्याच्या पायांचा भरवसा आहे त्याला पायऱ्या पुरतात. या पोराला उतार हवा होता, हळूहळू सरकणारा, पाय कुठं निसटतो ते दाखवत नेणारा. तसा उतार पेटीत नसतो. तो गळ्यातच असतो.

सरांनी भाता मिटला आणि पेटी बाजूला सारली. मोबाइलचा तंबोरा तेवढा वाजत राहिला.

त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आधी काहीच आलं नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार सुरुवातीला नुसती हवा ओढते, पाइप खाकरतो, मग गढूळ पाण्याची एक चूळ येते. तसंच झालं. हवा आली, खाकर आली, मग एक जाड, वाकडा सा आला. सरांनी तो ओळखला नाही. तसाच तो ओढत त्यांनी रे कडे नेला, आणि वाटेत त्याचे दोन तुकडे झाले.

लखन टक लावून बघत होता. मग म्हणाला, "सर, तुमचा पण फुटला."

"माझा केव्हाच फुटलाय," सर म्हणाले. "ऐकला नव्हता कुणी."

लखन हसला. हसण्याचा आवाजही मध्येच चिरला, तेव्हा सरही हसले. मग दोघं पुन्हा बसले. सर निघायचे, लखन मागून यायचा. सर पडायचे तिथं लखन कधी सावरायचा, कधी दोघं एकाच जागी पडायचे. खालच्या पंचमापासून मधल्या गंधारापर्यंत एवढीच वाट होती, त्यापलीकडे दोघांनाही काही दिसत नव्हतं. संध्याकाळी सिंधुबाई दुधाचे पेले घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कोण भांडतंय म्हटलं." लखननं पिशवीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला लावले.

एक-दोन दिवसांनी शेखर पेटी सोडून दारात येऊन उभा राहिला. "सर, माझा पण बघा ना, कुठं सापडतो." त्याच्यामागे दुसरा. मग तबल्यावरचा एक. प्रत्येकाचा सा वेगळा निघाला. एकाचा काळी दोनला, एकाचा पांढरी एकच्याही खाली. शेखरचा तर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठंतरी होता, पेटीवर तो दाखवताच येईना. सरांनी प्रत्येकाला वेगळ्या वर्गात बसवलं. वेदिका मुलींना घेऊन मोठ्या वर्गात राहिली.

त्यानंतर पहाटे शिबिरात पूर्वीसारखा एकच सा उरला नाही. या दारातून एक स्वर यायचा, त्या दारातून दुसरा, आणि व्हरांड्यात ते एकमेकांवर आपटायचे. सर तिथं मध्ये उभे राहायचे. गंगेवरून ओल्या पंच्यानं वर आल्यावर जो सा लागायचा, जो त्यांनी एवढ्या वर्षांत दरसाल मे महिन्यापुरता पुन्हा उभा केला होता, तो आता त्यांनी स्वतःच्या हातानं मोडला होता. त्याचं त्यांना वाईट वाटे. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग शेखरच्या वर्गातून हाक येई आणि ते तिकडं जात.

समारोपाला खालचा हॉल भरला. पल्लवीनं अंतरा उंच, सरळ नेला आणि टाळ्या घेतल्या. त्यानंतर तंबोरे थांबले, मोबाइलवरचा तंबोरा काळी एकला सुरू झाला आणि लखन पुढं आला. मागच्या वर्षी त्याला ऐकलेले लोक सरसावून बसले. त्याच्यामागे सर होते, पेटीशिवाय, खालचा सा धरून. लखन तोच भूप गायला, अंतऱ्याशिवाय, जमिनीलगत. एकदा आवाज निसटला. तो थांबला नाही. जिथं पडला तिथूनच उचलून पुढं गेला. पुढच्या रांगेत मैनाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि शेजारणीला हळूच सांगितलं, "घसा बसलाय जरा यांचा."

टाळ्या पडल्या त्या रीतीपुरत्या. खुर्च्या सरकताना कुणाचा तरी पालक म्हणाला, "गेला बिचाऱ्याचा आवाज. काय गायचा मागच्या वर्षी!" सरांनी ऐकलं. ते खरंच होतं. तो आवाज गेला होता, आणि तो जाताना सरांनी त्याला दुसऱ्यांदा पाहिलं होतं.

मुलं आपापल्या आईबापांबरोबर पांगली. लखन पिशवी आणायला वर गेला असताना एक किडकिडीत माणूस चपला हातात घेऊन सरांजवळ आला. लखनचा बाप, मंगळू भोये. पिंपळगावहून क्रेटच्या टेम्पोत बसून आला होता आणि दाराशी उभा राहून त्यानं ऐकलं होतं. सरांनी मनाची तयारी केली. पोराचा गळा माझ्या हाती असताना फुटला, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं.

"मास्तर, पोराला आवाज आला," मंगळू म्हणाला.

"आला?"

"माझ्यावानीच हाय की. माझ्या बापाचा बी असाच व्हता. आता टेकडावरून हाक मारली तर घरात कळायचं नाय, मी का तो." मुलगा खांद्याला लागला की बाप ज्या सुरात सांगतो त्या सुरात त्यानं हे सांगितलं. मग लखन आला, सरांच्या पाया पडला, आणि दोघं फाटकाकडे गेले. जाताना दोघांचं काही बोलणं चाललं होतं. सर कान देऊन होते. थोडं लांब गेल्यावर कोण बोलतंय ते खरंच कळेना.

हॉलमध्ये सतरंज्या गुंडाळायच्या राहिल्या होत्या. सर एकटेच खिडकीशी उभे राहिले. माझा कुणासारखा आला असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि हे आपल्या मनात इतक्या वर्षांत कधीच आलं नाही याचं त्यांना नवल वाटलं. गेलेल्या आवाजाचं त्यांनी सुतक धरलं; त्याच्या जागी कोण आलं ते एकदाही वळून बघितलं नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज कुठं भरून ठेवलेला नव्हता; फोटो होता, त्यात तोंड मिटलेलं. दिवस कलला की ते मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाहून हाक मारायचे, जाड, ओढलेली, शेवटी जराशी फाटणारी.

"गोरख, ये रे," सर म्हणाले, "भाकर खाऊन घे."

पहिल्यांदा ते पुटपुटल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा त्यांनी छातीतून, मळा ओलांडायचा असेल तशी हाक घातली, आणि ती रिकाम्या हॉलमधून परत आली तेव्हा त्यांना खिडकीचा गज धरावा लागला.

सिंधुबाई पेले गोळा करत होत्या. त्या दारात थबकल्या. "कुणाला बोलावताय, मास्तर? पोरं गेली सगळी."

"हो," सर म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली.